रानवाटेवरील अवचित भेट

कोल्हापूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, दाजीपूरचे घनदाट अरण्य पसरलेले आहे. गव्यांच्या रक्षणासाठी हे अरण्य १९५८ साली राखून ठेवण्यात आले. आज ते राधानगरी अभयारण्याचा एक भाग आहे. अशी कल्पना करा, की मार्गशीर्षातील एका सकाळी तुम्ही आपल्या शिक्षकांबरोबर आणि एका वाटाड्याबरोबर या अरण्यातून चालला आहात. गवतावरचे दव अजून वाळलेले नाही. जांभ्या खडकाचा उघडा सडा मागे पडला असून वाट आता दाट झाडीत शिरली आहे. उजव्या हाताला, खाली दरीत, ओढा खळखळत आहे. पुढे एका जुन्या जांभळीला वळसा घालून वाट डावीकडे वळते. तुम्ही वळता, आणि तुमचे पाय जागच्या जागी थबकतात.

अवघ्या वीस-पंचवीस पावलांवर एक गवा उभा आहे. काळाभोर, तुकतुकीत देह. गुडघ्यांपर्यंत पांढरे मोजे चढविल्यासारखे पाय. खांद्यावर पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला उंच कणा. आणि दोन बाकदार शिंगांच्या मधोमध कपाळाचा फुगीर उंचवटा. त्याने मान वर केली आहे. तोंडातले गवत तोंडातच राहिले आहे. तो तुमच्याकडे पाहत आहे आणि तुम्ही त्याच्याकडे. क्षणभर साऱ्या रानाने श्वास रोखून धरला आहे असे वाटते.

या क्षणी काय करावे? ओरडावे, पळावे, की झाडावर चढावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या गव्याला घटकाभर तेथेच उभा ठेवू, आणि त्याच्याविषयी व त्याच्यासारख्या इतर मोठ्या वन्य प्राण्यांविषयी थोडी माहिती करून घेऊ.

वन्य प्राण्यांबद्दल आपल्या मनात दोन समज असतात. पहिला समज गोष्टींमधून आलेला. त्यानुसार अरण्यातील प्रत्येक श्वापद माणसाच्या वाटेवर टपून बसलेले असते. दुसरा समज अलीकडचा आहे. अभयारण्यातले प्राणी माणसाला सरावलेले असतात, त्यांच्याजवळ जाऊन छायाचित्र घेण्यास हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. खरी गोष्ट अशी, की रानातील बहुतेक प्राण्यांना माणसाची भेटच नको असते. ती टाळण्यासाठी ते जन्मभर सावध राहतात. आपल्याला एक प्राणी दिसतो, तेव्हा आपल्याला पाहून, हुंगून किंवा आपली चाहूल घेऊन आधीच बाजूला झालेले कितीतरी प्राणी आपल्याला दिसलेले नसतात.

याचे एक फार बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २००९ सालच्या उन्हाळ्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर या गावाजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढण्यात आले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि वनखात्याची माणसे यांनी त्याच्या गळ्यात त्याचा ठावठिकाणा कळविणारा एक पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिले. वयाने मोठा म्हणून त्याचे नाव पडले ‘आजोबा’. आजोबा सोडल्या जागी राहिला नाही. तो पश्चिमेकडे चालू लागला. रात्री चालावे आणि दिवसा झुडपांत दडून राहावे, असे करीत करीत, महामार्ग, लोहमार्ग आणि खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटरांचा प्रवास करून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. या वाटेवर गावे होती, शेते होती, वस्त्या होत्या. परंतु त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. गळ्यातला पट्टा नसता, तर एवढे मोठे जनावर आपल्या उशाशेजारून गेले, याची कोणास वार्ताही लागली नसती. पुढे २०११ साली हाच आजोबा एका वाहनाच्या धडकेने मरण पावला. त्याने माणसाला टाळले. परंतु माणसाच्या वाहनाला तो टाळू शकला नाही.

मग प्रश्न असा पडतो, की प्राणी जर माणसाला एवढे टाळतात, तर अपघात होतात कसे? रानात गेलेल्या माणसावर अस्वलाने झडप घातली, गव्याने मुसंडी मारली, अशा बातम्या आपण वाचतो, त्या खोट्या तर नसतात.

याचे उत्तर ‘अंतर’ या एका शब्दात आहे. स्वित्झर्लंडमधील हेडिगर नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ बासेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक होते. प्राणी माणसाला किती जवळ येऊ देतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की प्रत्येक प्राण्याभोवती जणू दोन अदृश्य वर्तुळे असतात. बाहेरच्या वर्तुळात शत्रूने पाऊल टाकले, की प्राणी पळून जातो. हे त्याचे पलायनाचे अंतर होय. परंतु शत्रू एकदम आतल्या, लहान वर्तुळात येऊन ठेपला, किंवा पळण्यास वाटच उरली नाही, तर तोच प्राणी उलटून अंगावर येतो. रानातील प्राणी माणसाला शत्रूच समजतो. तेव्हा हा नियम आपल्यालाही लागू पडतो. तुम्ही चिमणीकडे हळूहळू चालत गेलात तर ती एका ठरावीक अंतरावर उडून जाते. आणि कोपऱ्यात कोंडलेले मांजर एरवी गरीब असले तरी अंगावर झेपावते. अंगणातला जो न्याय, तोच अरण्यातला.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. शंभर पावलांवरून तुमची चाहूल लागलेला गवा झाडीत निघून जातो. तोच गवा दहा पावलांवर अचानक समोर आला, तर धोकादायक ठरतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो; बदललेले असते ते केवळ अंतर. म्हणजे रानातील बहुतेक अपघातांचे मूळ प्राण्याच्या क्रौर्यात नसून त्याच्या दचकण्यात असते.

प्राणी दचकतो केव्हा? त्याला आपली वर्दी मिळाली नाही तर. अरण्यात वर्दी पोहोचविण्याचे काम मुख्यतः वारा आणि आवाज करतात. वारा आपल्या पाठीकडून पुढे वाहत असेल, तर आपला वास आपल्या आधी पुढे जातो आणि प्राणी बाजूला होतात. वारा समोरून येत असेल, तर तो आपला वास मागे नेतो. मग गव्यासारख्या तीक्ष्ण नाकाच्या प्राण्यालाही आपण जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाही. ओढ्याकाठी पाण्याचा खळखळाट आपल्या पावलांचा आवाज बुडवून टाकतो. पावसाळ्यात पाने ओली असतात, ती पायाखाली वाजत नाहीत. कारवीच्या दाट जाळीत दोन हातांपलीकडचे दिसत नाही. वाटेच्या वळणावर दोन्ही बाजूंचे प्रवासी परस्परांना आंधळे असतात. दाजीपूरच्या वाटेवर तुम्हांला जो गवा भेटला, त्या ठिकाणी यांतील दोन गोष्टी जमून आल्या होत्या, हे तुमच्या लक्षात आले काय? खाली ओढा वाजत होता आणि पुढे वळण होते.

आता वेगवेगळ्या प्राण्यांचा विचार करू; कारण प्रत्येकाची ज्ञानेंद्रिये वेगळी, आणि म्हणून प्रत्येकाच्या भेटीची रीतही वेगळी.

आपल्याकडील रानांत अचानक भेटीच्या दृष्टीने सर्वांत अधिक जपावे असा प्राणी म्हणजे अस्वल. मेळघाट, ताडोबा आणि बुलढाण्याकडील डोंगराळ जंगले ही त्याची घरे. अस्वल वास्तविक शिकारी प्राणी नव्हे. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे आणि मोहाची फुले हे त्याचे मुख्य अन्न. निसर्गाने त्याला वाळवी खाण्यासाठी मोठी सोय करून दिली आहे. वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात त्याला नसतात. पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नख्यांनी ते वारूळ फोडते, ओठांची नळी करून आधी माती फुंकून टाकते आणि मग त्या फटीतून वाळवी जोराने ओढून घेते. हा फुंकण्याचा आणि ओढण्याचा आवाज बराच दूरवर ऐकू जातो. तो सर्वांना ऐकू येतो, परंतु त्या आवाजात स्वतः अस्वलाला मात्र दुसरे काही ऐकू येत नाही. त्यातून त्याची दृष्टी मंद. मान खाली घालून खाण्यात गढून गेलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि कळते तेव्हा पळण्याचे अंतर संपून गेलेले असते.

दुसरेही एक कारण आहे. अस्वल हजारो वर्षे वाघाच्या शेजारी राहत आले आहे. हरिणासारखे धावून वाघापासून सुटणे त्याला शक्य नाही, आणि त्याची लहान पिले आईच्या पाठीवरील केस धरून बसलेली असतात. अशा स्थितीत गर्जना करीत, नख्या पुढे करून, आधी आपणच अंगावर धावून जाणे हाच त्याच्या बचावाचा मार्ग ठरला. माणसावर ते धावते तेही याच सवयीने. त्याला माणूस खावयाचा नसतो. त्याला समोरचा धोका दूर सारावयाचा असतो. पुष्कळदा असा एक तडाखा देऊन ते पळून जाते. परंतु तो तडाखा बहुधा तोंडावर व डोक्यावर बसतो, आणि माणूस जन्माचा जायबंदी होतो.

ही गोष्ट समजून घेतली, म्हणजे फाल्गुन-चैत्रात अस्वलाचे अपघात का घडतात, हेही समजते. त्या दिवसांत मोहाची फुले रात्री उमलून पहाटे टपटप गळू लागतात. ती वेचण्यासाठी गोंड, कोरकू आणि इतर वनवासी कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वाळवून विकणे हा त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा आधार असतो. त्याच पहाटे, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वलही आलेले असते. दोघेही मान खाली घालून वेचीत असतात. दोघेही पोटासाठी आलेले असतात. येथे दोष कोणाला द्यावा? म्हणूनच जाणती माणसे मोहाखाली एकटी जात नाहीत. झाडाजवळ जाण्यापूर्वी मोठ्याने बोलतात, काठी आपटतात, थोडे थांबतात आणि मगच पुढे होतात.

गव्याचे तसे नाही. गवा हा रानटी गोवंशातील जगातला सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची पावणेदोन मीटरांच्या आसपास असते आणि वजन ८०० ते १,००० किलोपर्यंत भरते. एवढा बलदंड असूनही तो भित्रा आणि लाजाळू आहे. त्याचे नाक फार तीक्ष्ण असते. धोका वाटताच तो जोराने फुत्कारतो आणि त्या आवाजासरशी सारा कळप उधळतो. दोन नर समोरासमोर आले, तरी ते एकदम झुंजत नाहीत. आपली कूस दुसऱ्याकडे वळवून, पाठ फुगवून, ‘पाहा, मी केवढा आहे!’ असे जणू ते दाखवितात, आणि पुष्कळदा लहान असलेला आपण होऊन निघून जातो. शक्ती असूनही ती न वापरण्याकडे गव्याचा कल असतो. मात्र एकटा फिरणारा म्हातारा नर, जखमी जनावर किंवा वासरू बरोबर असलेली गाय यांच्यापासून दूरच राहावे.

बिबट्याचे डोळे व कान दोन्ही तीक्ष्ण. त्यामुळे त्याची अचानक गाठ पडणे विरळा. बहुधा तोच आपल्याला आधी पाहतो आणि दडून राहतो. तो भेटलाच तर ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी, की उभा माणूस त्याच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. वाकलेला, बसलेला किंवा एकटा चालणारा लहान मुलगा मात्र तसा दिसू शकतो. म्हणून तिन्हीसांजेला बिबट्यांच्या मुलुखात मुलांनी मोठ्यांचा हात सोडून पुढे धावू नये. रानडुकराची नजर अधू, परंतु नाक चांगले. पिलांबरोबर असलेली मादी किंवा घेरलेला नर सुळे उगारून सरळ रेषेत मुसंडी मारतो. हत्ती आपल्या राज्यात फार नाहीत. परंतु २००२ साली कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गच्या रानात उतरले, तेव्हापासून तेथील लोकांना त्यांच्याशीही ओळख करून घ्यावी लागली. हत्तीने कान पसरले, सोंड वर करून हवा हुंगली, की तो ‘आता पुरे, मागे फिरा’ असे सांगत आहे, असे समजावे.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकांतून शिकावे लागले नाही. ते त्यांच्या चालीरीतींतच होते. रात्री शेतावर जाणारा शेतकरी हातात घुंगुरकाठी घेत असे. काठीला बांधलेले घुंगरू प्रत्येक पावलाला वाजत आणि वाटेवरील साप व जनावर बाजूला होई. आगगाड्या सुरू होण्यापूर्वी टपालाची थैली पाठीवर घेऊन रानावनांतून धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीलाही घुंगरू बांधलेले असत. त्या घुंगरांचा आवाज म्हणजे रानाला दिलेली वर्दीच होती: ‘मी येत आहे, मला वाट द्या, मी तुमच्या वाटेला जाणार नाही.’ कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत अनेक गावांच्या सीमेवर वाघोबाची शिळा असते. दिवाळीपूर्वी वाघबारशीला तेथे नैवेद्य दाखवितात. या प्रथेमागची श्रद्धा ज्याची त्याची. परंतु गावाची हद्द कोठे संपते आणि वाघाची कोठे सुरू होते, हे ती शिळा प्रत्येक पिढीला सांगत आली आहे.

आपण डोंगरवाटेने जाऊ तेव्हा हीच शहाणी रीत पाळावी. एकटे जाऊ नये. तीन-चार जणांनी मिळून, एकमेकांना धरून चालावे. त्या रानाची माहिती असलेला वाटाड्या बरोबर घ्यावा. पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या वेळा प्राण्यांच्या असतात. त्या त्यांना सोडून द्याव्यात. मोठ्याने गाणी लावून सारे रान डोक्यावर घेण्याचे कारण नाही. तसे केल्याने रानाचा आनंदही जातो. परंतु वळण आले, ओढा लागला, कारवीची जाळी आली, की मोकळ्या आवाजात दोन शब्द बोलावे किंवा हातातील काठी दगडावर टेकवीत जावे. आपला पाळलेला कुत्रा रानात मोकळा सोडू नये. तो जनावराच्या अंगावर धावून जातो आणि ते उलटले, की जीव घेऊन मालकाकडे परत येतो. म्हणजे संकटाला तोच घरी घेऊन येतो.

रान स्वतःही आपल्याला वर्दी देत असते. ती ऐकण्यासाठी मात्र कान उघडे हवेत. उंच झाडावर बसलेले वानर खाकरल्यासारखा आवाज करू लागले, चितळाने तीव्र हाक दिली, सांबराने घणघणीत आवाज काढला किंवा भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागले, तर जवळपास वाघ किंवा बिबट्या आहे, असे समजावे. ताजे फोडलेले वारूळ अस्वलाची खूण सांगते. वाफाळणारे शेण गव्याचा कळप नुकताच गेल्याचे सांगते. ज्याला ही लिपी वाचता येते, त्याला रानात सहसा काही ‘अवचित’ भेटत नाही.

आणि एवढी काळजी घेऊनही गाठ पडलीच तर? पहिली गोष्ट: पळू नये. पळणाऱ्याच्या मागे धावणे ही पुष्कळ प्राण्यांची उपजत वृत्ती असते, आणि अस्वल किंवा गवा यांच्यापुढे माणसाचे धावणे ते केवढे! दुसरी गोष्ट: थांबावे, एकत्र व्हावे, लहानांना मध्ये घ्यावे. तिसरी गोष्ट: प्राण्याकडे तोंड ठेवून, पाठ न फिरविता, हळूहळू मागे सरावे. चौथी गोष्ट: त्याची वाट मोकळी ठेवावी; तो ज्या बाजूने जाऊ पाहतो, त्या बाजूला आपण उभे राहू नये. गवा किंवा हत्ती समोर असेल, तर मोठ्या झाडाच्या बुंध्याआड व्हावे. बिबट्या असेल, तर बसू किंवा वाकू नये. ताठ उभे राहून, हात वर करून, मोठ्याने बोलत मागे व्हावे. अस्वलापासून वाचण्यासाठी झाडावर चढण्यात अर्थ नाही, कारण मधासाठी व फळांसाठी तेही झाडावर चढते. त्याने हल्ला केलाच आणि सुटका नसेल, तर जमिनीवर पालथे पडावे, तोंड मातीकडे करावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी, आणि ते निघून जाईपर्यंत निश्चल राहावे. आपल्याकडून धोका नाही असे वाटले, की ते बहुधा निघून जाते.

येथवर आपण माणसावर येणाऱ्या संकटाचा विचार केला. परंतु अशा भेटीचे संकट दोन्ही बाजूंना असते. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा घरांच्या वस्तीत दिसला. तो वाट चुकून आला होता. बातमी पसरली आणि बघ्यांची गर्दी जमली. लोक त्याच्या मागे धावू लागले. तो बिचारा या गल्लीतून त्या गल्लीत कितीतरी वेळ पळत राहिला. त्याच्या तोंडाला जखमा झाल्या, अंगातील त्राण संपले. अखेरीस भूल देऊन त्याला पकडण्यात आले. परंतु थोड्याच वेळात तो मरण पावला. त्याच महिन्यात पुण्याच्याच बावधन-पाषाणच्या बाजूस दुसरा एक गवा दिसला. या खेपेस लोकांना दूर ठेवण्यात आले, त्याला रानाकडची वाट मोकळी करून देण्यात आली, आणि तो जिवंत परत गेला. दोन्ही गवे सारखेच होते, आणि शहरही तेच होते. फरक होता तो माणसांनी सोडलेल्या अंतराचा.

माणूस रानात गेला, तर तो त्याच्या पायांवर परत येऊ शकतो. त्याला घराची वाट ठाऊक असते. प्राणी गावात आला, तर त्याची परतीची वाट आपल्या हाती असते. म्हणून दोन्ही वेळी शहाणपणाची अपेक्षा माणसाकडूनच करावयास हवी. ज्याला अधिक कळते, त्याने अधिक जपावे, हा साधा न्याय आहे.

आता दाजीपूरच्या त्या वळणाकडे परत जाऊ. गवा अजून तेथेच उभा आहे. परंतु आता तो तुम्हांला परका वाटत नाही. तो तुमच्यावर टपून बसला नव्हता; ओढ्याच्या आवाजात त्याला तुमची चाहूल लागली नाही, एवढेच. तुम्ही पळत नाही, ओरडत नाही. वाटाड्या हाताने खूण करतो. तुम्ही सारे एकमेकांजवळ येता आणि एकेक पाऊल मागे टाकीत त्या जुन्या जांभळीच्या बुंध्याआड होता. दहा पावलांचे अंतर वाढते. गव्याच्या नाकपुड्या फुलतात. एक मोठा फुत्कार, सुक्या फांद्यांचा कडकडाट, आणि तो प्रचंड देह उतारावरील झाडीत दिसेनासा होतो. वाट पुन्हा मोकळी होते. गवत मात्र तो उभा होता तेथे दबलेले असते आणि त्यावरचे दव पुसले गेलेले असते.

घरी गेल्यावर तुम्ही सांगाल, ‘आम्ही आज गवा पाहिला!’ ते खरेच आहे. परंतु त्या सकाळी गव्यानेही तुम्हांला पाहिले. त्याला जर बोलता आले असते, तर आपल्या कळपात जाऊन त्याने तुमच्याविषयी काय सांगितले असते? ‘आज वाटेवर माणसे भेटली, परंतु ती भली होती, त्यांनी वाट दिली’ असे त्याने सांगावे, एवढे आपल्याला साधले, म्हणजे रानात कसे चालावे हे आपण शिकलो.

स्वाध्याय

१. प्राण्याभोवती ‘दोन अदृश्य वर्तुळे’ असतात, म्हणजे काय? अंगणातील कोणत्या उदाहरणांनी लेखकाने हे समजावून दिले आहे?
२. अस्वल आणि माणूस यांची मोहाच्या झाडाखाली गाठ का पडते? ‘येथे दोष कोणाला द्यावा?’ या प्रश्नाचे तुमचे उत्तर लिहा.
३. घुंगुरकाठी आणि वाघोबाची शिळा यांतून पूर्वजांचे कोणते शहाणपण दिसते?
४. पुण्यात आलेल्या दोन गव्यांच्या हकिकतींतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: वर्दी, चाहूल, मुसंडी मारणे, जायबंदी होणे, त्राण संपणे.
६. तुमच्या गावाजवळच्या डोंगरात किंवा रानात कोणते प्राणी आहेत, याची गावातील वृद्ध माणसांकडून माहिती मिळवा आणि दहा-बारा ओळींत लिहा.